मेंगांची कंबर

शरदातल्या पौर्णिमेच्या सणाला बारा दिवस उरले होते आणि कावळटेकडीवरच्या समाधीचे गवत अजून उभेच होते. दाढेत अडकलेल्या तंतूसारखी ही गोष्ट मेंग दोकसूला सारखी टोचत होती. यंदा पाऊस लांबला, अंगणातल्या मिरच्या वाळल्या नाहीत, तीळ आडवे झाले, हे सगळे त्याने सोसले. पण सणाआधी पूर्वजाच्या माथ्यावरचे गवत न कापणारा माणूस आणि दाढी न करता बोहल्यावर चढणारा नवरदेव यांत त्याच्या मते काडीचा फरक नव्हता.

दोकसूचे वय एकाहत्तर. अंगाने वाळलेला, पण पाठ अशी ताठ की तो बसची वाट पाहत उभा राहिला तर लोक खांब समजून त्याला सायकल टेकवतील, असे त्याची बायको म्हणे. बायको सुडोंग गावची, म्हणून सगळे तिला सुडोंगवाली म्हणत. तिचे स्वतःचे नाव आठवायला दोकसूलाही अंमळ वेळ लागे.

या ताठ पाठीमागे इतिहास होता. सुभेदाराची पालखी समोरून येत असताना दोकसूच्या पणजोबांनी कंबर वाकवली नव्हती. सगळा रस्ता धुळीला कपाळ लावून पडला होता आणि एकटा मेंग उभा होता. वडिलांनी त्याला सांगितली ती एवढीच हकीगत. बाकीची दोकसूने चाळीस वर्षांत स्वतः वाढवली. पणजोबांच्या डोक्यावर त्याने विद्वानाची काळी टोपी चढवली, हातात ग्रंथ दिला आणि सुभेदाराला सुनावलेली चार खणखणीत वाक्ये त्यांच्या तोंडी घातली. वाक्ये दर सणाला थोडी लांबत. घरात जे जे घडे त्याचा उलगडा या पणजोबांपाशी होई. मेंगांचे गुडघे दुखतात, कारण ते टेकायची सवय रक्तात नाही. मेंगांची मुलगी जोमसून त्रेचाळिसाव्या वर्षी सासर सोडून आली, कारण तिची मान वाकली नाही. तिची सासू रोज जेवताना बशा फेकून मारी, हा तपशील या उलगड्यात बसत नसल्याने दोकसूने तो गाळला होता.

यंदा त्याने पणजोबांसाठी शिळा घडवून घेतली होती. तीत ‘विद्वान’ हा शब्द यावा म्हणून तो पाथरवटाकडे तीन खेपा घालून आला. शेवटी पाथरवट म्हणाला, “आजोबा, दगड एवढा, अक्षरं एवढी. एक तर ‘विद्वान’ बसेल, नाही तर ‘मेंग’. काय ठेवू सांगा.” दोकसूने रात्रभर विचार करून मेंग ठेवले. शिळेवर कोरले गेले: ‘सुभेदारापुढे कंबर न वाकवलेल्या मेंग यांची समाधी.’ ती आठवडाभर पडवीत आडवी पडून होती आणि कोंबड्यांना तिचा गारवा फार आवडला होता.

शिळा वर न्यायची तर पॉवर टिलर हवा, आणि ट्रॉली जोडलेला पॉवर टिलर गावात एकच होता: बांग चुनशिकचा.

इथेच सगळे अडत होते. चुनशिकचे शेत टेकडीच्या पायथ्याशी. तिथे पूर्वी बांगांची भट्टी होती. ते पिढ्यान्‌पिढ्या रांजण घडवत. अजूनही नांगर चालला की तपकिरी खापऱ्या वर येत, आणि बांधावरून जाणारा दोकसू हटकून विचारी, “काय चुनशिक, आज कोणते काका निघाले?” चुनशिकच्या पणजोबांची समाधीही याच टेकडीवर होती, असे त्याची आजी सांगे. पण युद्धात टेकडी जळाली, माणसे पांगली आणि समाधीची जागा सांगणारे कोणी उरले नाही. सणाच्या दिवशी सगळे गाव टेकडीवर चढे तेव्हा चुनशिक पोटदुखीचे निमित्त करून घरी बसे. पोट त्याचे खरोखरच दुखे. खिशात पाचकाच्या पुड्या कायम असत. “ज्याला पूर्वजांची जागा माहीत नाही,” दोकसू चारचौघांत म्हणे, “त्याच्या पोटाला तरी कसं कळणार, अन्न कुठं ठेवायचं ते!”

अशा माणसाकडे मागायला जायचे. दोकसू गेला, आणि चुनशिकच्या फाटकाशी उभा राहून आभाळाकडे पाहत म्हणाला, “तुझ्या पॉवर टिलरला गंज चढेल अशानं. थोडा हिंडवायला हवा.”

चुनशिक लसूण निवडत होता. त्याने मान वर केली नाही. “काल बाजारात हिंडवलाय की, दादा.”

“बाजार सपाट. चढावर नेलं म्हणजे इंजिन मोकळं होतं.”

“असं होय? कुठला चढ म्हणताय?”

“आहे एक. कावळटेकडी म्हण.”

“आणि ट्रॉली रिकामीच न्यायची का तिच्यात काही टाकायचं?”

“पडवीत एक दगड आहे,” दोकसू म्हणाला. “टाकला तर टाकला.”

चुनशिकने लसणाची जुडी खाली ठेवली. “दादा, ‘चुनशिक, मदत कर’ एवढे तीन शब्द आहेत. म्हणा की. दात आहेत ना अजून?”

दोकसू पुन्हा आभाळाकडे पाहू लागला. मागून सुडोंगवाली ओल्या हातांनी धावत आली आणि नवऱ्याच्या अंगावरून ओरडली, “चुनशिकभाऊ, मदत करा हो! यांच्या पणजोबांनी यांना बोलायला बंदी केलीय!”

“वहिनी म्हणाल्या म्हणून,” चुनशिक हसत उठला. “उद्या सकाळी येतो.”

दुसऱ्या दिवशी चौघे निघाले. चुनशिक टिलरच्या दांड्याला, ट्रॉलीत शिळा आणि जेवणाची टोपली, मागून जोमसून आणि दोकसू ढकलायला, सगळ्यांत मागे सुडोंगवाली सूचना द्यायला. पायवाटेची लाल माती पावसाने लोण्यासारखी झाली होती. दोनदा चाक रुतले. दुसऱ्या वेळी ते सुटले तेव्हा त्याने दोकसूच्या पांढऱ्या सदऱ्यावर गळ्यापासून बेंबीपर्यंत चिखलाचा पट्टा ओढला.

“बाबा, आता विद्वान दिसता,” जोमसून म्हणाली. “शाई सांडल्यासारखं.”

“तू ढकल.”

“ढकलतेच आहे. वंशावळीच्या पोथीत मुलींचं नाव घालत नाहीत, चिखलात मात्र चालतं.”

पोथीत खरोखर तिचे नाव नव्हते. तिच्या जागी, घटस्फोटानंतरही, बशाफेक्या सासूच्या लेकाचे होते. या विषयावर दोकसू बोलत नसे. तो ढकलू लागला.

टेकडीच्या खांद्यावर पूर्वेला तोंड करून समाधी होती: मातीचा गोल, भरदार ढीग, छातीएवढा उंच, सकाळचे ऊन नेमके माथ्यावर. तिच्या मावळतीच्या अंगाला, दहा पावलांवर, एक ठेंगणा उंचवटा होता. गुडघ्याएवढा, एका बाजूने खचलेला. कुणा बेवारशाची समाधी असेल, नाही तर नुसती माती. चाळीस वर्षे मेंग मंडळी गवत कापून झाले की याच उंचवट्याला पाठ टेकून जेवत. टोपली तिथेच ठेवत, ओले मोजे तिथेच वाळत घालत, आणि दोकसू विळा ठेवायचा म्हणजे त्याची टोकदार जीभ खच्‌कन त्याच उंचवट्यात खुपसत असे.

कामाची वाटणी ठरलेली होती. जोमसूनने गवत कापायचे यंत्र पाठीला लावले आणि दोरी ओढली. दोकसूने पणजोबांच्या माथ्यावर मात्र यंत्र चालवू दिले नाही. विद्वान माणसाच्या कानाशी असा आवाज बरा दिसत नाही, म्हणून माथा तो स्वतः विळ्याने करी. गवत कमरेएवढे वाढले होते, ओले होते, पात्याला चिकटत होते. तासाभरात त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटला. चुनशिक तोवर सावलीत बसून पाचकाची पुडी तोंडात टाकत होता.

“दादा, उजवीकडे दोन काड्या राहिल्या.”

“स्वतःची समाधी असती म्हणजे बोलला असतास.”

हे बोलून दोकसू वळला, उंचवट्यापाशी गेला आणि दरवर्षीप्रमाणे विळ्याचे टोक त्यात खुपसले.

यंदा उंचवट्यात गांधीलमाश्या होत्या.

“बाबा, पळा!” जोमसून ओरडली. दोकसू पळाला, पण मेंगांच्या पद्धतीने, म्हणजे पाठ ताठ ठेवून. त्यामुळे त्याचे डोके सगळ्यांत उंच राहिले. एका माशीने त्याला डाव्या पापणीवर गाठले. ती एकच चावली, पण अशी चावली की पाच मिनिटांत डोळा बंद झाला आणि चेहऱ्याची एक बाजू वाफवलेल्या पावासारखी फुगली. सुडोंगवालीने टोपलीतून आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा काढला आणि बोटभर पापणीवर थापला.

“अगं, जेवणातला आहे तो!”

“मग चाटू नका. स्वस्थ बसा.”

माश्या दरीकडे निघून गेल्यावर समाधीसमोर शिळेसाठी खड्डा घ्यायचा ठरला. जोमसूनने कुदळ मारायला सुरुवात केली, चुनशिक फावड्याने माती ओढू लागला. हातभर खाली गेल्यावर कुदळ टण्‌कन वाजली. दगडाचा नव्हे, भांड्याचा आवाज. चुनशिकचे हात थांबले. खापरीचा आवाज त्याला ओळखू येई. त्याने गुडघ्यावर बसून बोटांनी माती बाजूला केली आणि तपकिरी रंगाची, शाळेच्या पाटीएवढी भाजलेली फरशी बाहेर काढली. तिच्यावर काडीने कोरलेली जुनी चिनी अक्षरे होती.

“मृताची ओळख लिहून पुरतात, ती पाटी!” दोकसूचा उघडा डोळा चमकला. “मोठ्या घराण्यांतच असते. म्हटलं नव्हतं मी? आण इकडे. तुमच्यापैकी कुणाला वाचता येणार आहे?”

कुणालाच येणार नव्हते. सगळ्या टेकडीवर ती अक्षरे येणारा दोकसू एकटाच होता, आणि हे त्याने गेल्या चाळीस वर्षांत कुणाला विसरू दिले नव्हते. तो शिळेवर बसला, पाटी मांडीवर घेतली, सदऱ्याच्या टोकाने पुसली. मग ती उघड्या डोळ्याजवळ नेली.

“काय लिहिलंय?” सुडोंगवालीने विचारले.

“अक्षर वाईट आहे.”

“असू दे वाईट. लिहिलंय काय?”

“मला एका डोळ्यानं दिसत नाही नीट.”

“मघाशी दोन फर्लांगांवरून माझ्या टोपलीतली दारूची बाटली दिसली तुम्हाला, त्याच डोळ्यानं.”

अक्षर वाईट होते, पण दिसत होते. पहिल्याच ओळीत, जिथे मेंग असायला हवे होते, तिथे बांग होते. दोकसूने पाटी उन्हाकडे धरली, तिरकी केली, थुंकी लावून पुसली. बांगच राहिले. त्याच्या लक्षात आले की आपण काहीही सांगू शकतो. ‘मेंग’ म्हटले तर मेंग. साक्षीला कोणी नाही. शिळा बसेल, सण होईल, पणजोबा टोपी घालून आपल्या जागी झोपतील. अशा अवघड वेळी तो नेहमी समाधीकडे पाहून, पणजोबा असते तर त्यांनी काय केले असते, असा विचार करी. सवयीने त्याने आताही मान वळवली. समोर ताज्या कापलेल्या गवताचा, भरदार, बांगांचा पणजोबा होता.

आणि त्याच वेळी त्याला ती गोष्ट आठवली, जी तो कधी विसरला नव्हताच. नऊ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला इथे आणले होते. एकदाच. “हे आपले,” असे म्हणून वडिलांनी किंचित वाकून समाधीच्या माथ्यावर तळहात ठेवला होता, शाळेतून आलेल्या पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा. छातीएवढ्या ढिगाच्या माथ्यावर असा हात ठेवता येत नाही. युद्धानंतर तो परतला तेव्हा जळक्या टेकडीवर दोन समाध्या होत्या. त्यांतली आपली कोणती, हे त्याला तेव्हाही कळले होते. पण सुभेदारापुढे न वाकलेला माणूस इतक्या ठेंगण्या ढिगाखाली असेल कसा? म्हणून त्याने मोठी निवडली होती.

“चुनशिक,” तो म्हणाला, “टोपी काढ.”

“का हो, दादा?”

“काढ म्हणतो ना. हे तुझे आहेत.” त्याने बोट अक्षरांखाली ठेवले आणि शाळेत वाचावे तसे वाचले: “‘इथे बांग मानगिल आहे. रांजण घडवले. पोट नेहमी दुखत असे. ही पाटी मुलाने भाजली.’”

चुनशिक तसाच उभा राहिला. हातातली टोपी त्याने छातीशी धरली, मग पोटाशी. “पोट दुखायचं त्यांचं?”

“लिहिलंय तसं.”

“माझंही दुखतं,” चुनशिक म्हणाला, जणू हे कुणाला ठाऊक नव्हते. “माझ्या बापाचंही दुखायचं. मला वाटायचं, आम्ही मुळ्याचं लोणचं फार खातो म्हणून.”

तो समाधीसमोर गेला आणि अडखळला. वाकून पाया कसे पडायचे, हे त्याला कधी कुणी शिकवलेच नव्हते. तो दोकसूकडे पाहू लागला.

“डावा हात उजव्यावर,” दोकसू शिळेवरूनच म्हणाला. “आता गुडघा. आधी तो नाही रे! हां. कपाळ हाताला लाव. दोनदा.”

चुनशिकने दोनदा केले, मग खात्रीसाठी आणखी एकदा. उठला तेव्हा त्याचे नाक लाल झाले होते. त्याने समाधीभोवती एक फेरी मारली, हाताने कापलेले गवत चाचपले आणि म्हणाला, “दादा, मागच्या बाजूला फार ओबडधोबड कापलंय हो. आणि हा खड्डा? माझ्या पणजोबांच्या पायाशी? बुजवायला हवा.”

“चाळीस वर्षं मी नमस्कार केलाय त्यांना!” दोकसू गरजला.

“त्याबद्दल ते खूशच असतील. पण खड्डा बुजवा.”

जोमसून तोंड फिरवून हसत होती. सुडोंगवाली मात्र पाटीकडे पाहत होती. “जोमसूनचे बाबा, खाली अजून दोन ओळी आहेत. त्या नाही वाचल्या.”

“तेवढंच आहे. तारीख वगैरे.”

“एवढी लांब तारीख?”

दोकसूने त्या ओळी वाचल्या होत्या. मघापासून तो त्यांच्यावर अंगठा ठेवून बसला होता. त्याने अंगठा उचलला. “‘शेजारी,’” त्याचा आवाज खाली गेला, “‘सूर्य मावळतो त्या अंगाला, मेंग आहे. तीस वर्षे आमचे रांजण पाठीवरून बाजारात नेले. एकही फुटला नाही.’”

काळी टोपी गेली, ग्रंथ गेला, चारही वाक्ये गेली. ज्यांच्या खापऱ्यांना तो बांधावरून हसला, त्यांचेच ओझे वाहणारा हमाल. दोकसूने पाटी उलटी करून मांडीवर ठेवली आणि चिखलाचा पट्टा नखाने खरवडू लागला.

“म्हणजे वाकले नाहीत ते खरंच,” जोमसून हळूच म्हणाली.

“कशावरून?”

“बाबा, पाठीवर रांजण बांधलेले. एकावर एक, डोक्याच्या वर हातभर. समोरून सुभेदार आला. वाकणार कसे? वाकले असते तर सगळा माल सुभेदाराच्या पालखीवर गेला असता.”

चुनशिकच्या पोटातून आवाज आला. या वेळी तो हसण्याचा होता. सुडोंगवालीने पदरासारखा एप्रन तोंडाशी नेला. दोकसूने दोघांकडे एका डोळ्याने रागाने पाहिले, पण त्याच्या डोळ्यासमोर पालखी थांबली होती, भालदार ओरडत होते, आणि रस्त्याच्या मधोमध एक वाळका माणूस घामाघूम उभा होता, मान न हलवता, श्वास रोखून. त्याच्या हातात ग्रंथ नव्हता. हात दोरी धरण्यात गुंतले होते. पाठ मात्र तीच होती.

“एकही फुटला नाही, असं आहे ना?” चुनशिकने विचारले. “तीस वर्षं? या वाटेनं? आज एक दगड आणताना आपण दोनदा रुतलो.” तो पुढे झाला. “चला दादा, शिळा तिकडे घेऊ. तिच्यावर खोटं काही नाही.”

खरेच नव्हते. पाथरवटाच्या दगडाला जागा कमी होती म्हणून एक अक्षरही खोडावे लागले नाही. दोघांनी पहिला खड्डा बुजवला, दुसरा घेतला, आणि तिसऱ्या प्रहरी शिळा उंचवट्यासमोर उभी राहिली. ती उंचवट्याच्या दुप्पट उंच होती. लहान मुलाने बापाचा कोट घालावा तसे दिसत होते. जोमसूनने उंचवट्यावरचे गवत कापायला यंत्र उचलले, तेव्हा दोकसू काही म्हणाला नाही. हमालाला आवाजाची सवय असते.

मग जेवायची वेळ झाली आणि कुणी बसेना. टोपली हातात घेऊन चौघे उभे. बसायची जागा एकच होती आणि तिथे आता कोण बसणार?

“चाळीस वर्षं आपण त्यांना पाठ टेकली,” दोकसू म्हणाला. “मोजे वाळवले. विळा खुपसला. आणि माथ्यावरचं गवत कापलं दुसऱ्याच्या. चाळीस वर्षं उपाशी ठेवलं मी त्यांना.”

सुडोंगवालीने टोपलीचे फडके सोडले. भाताचा एक घास काढला, त्यावर किमचीच्या मुरलेल्या कोबीचे पान ठेवले आणि दरवर्षी उघड्यावर जेवायला बसताना टाकी तसा उंचवट्याकडे टाकला. दारूचा पहिला घोटही तिथेच शिंपडला.

“उपाशी कसले? जेवायच्या आधी पहिला घास मातीला द्यायचा असतो. मी दरवर्षी इथंच टाकत आले. तुम्ही तिकडे पाहुण्याला वाढत होता, घरच्याला मी वाढत होते.”

दोकसू तिच्याकडे पाहत राहिला. काही तरी म्हणावे असे त्याला वाटले, आणि एकदम तिचे नावही आठवले, पण दोन्ही जिभेवर येईनात. तो वळला, शिळेसमोर गेला, डावा हात उजव्यावर ठेवला आणि गुडघे टेकले. मोठ्या समाधीपुढे इतकी वर्षे थोडे झुकले की भागत असे. माथा वरच असायचा. या ठेंगण्यापुढे मात्र कंबर आणखी खाली न्यावी लागत होती. त्याने नेली. कपाळ ओल्या गवताला लागले. तिथून त्याने डोके उचलले नाही.

बराच वेळ झाला तशी चुनशिकने टोपी पुन्हा छातीशी धरली. सुडोंगवालीने डोळे पुसले.

“जोमसून,” गवतातून दबका आवाज आला.

“काय, बाबा?”

“कंबर अडकली.”

जोमसून पुढे धावली, पण चुनशिक तिच्या आधी पोहोचला. त्याने दोकसूच्या दोन्ही काखांत हात घातले आणि गंभीरपणे म्हणाला, “घाई करू नका, दादा. पाठीवर रांजण आहेत असं समजा. सावकाश.”

गवतात तोंड खुपसलेला दोकसू हसू लागला. हसता हसता त्याची पाठ गदगदू लागली, पापणीवरचा सोयाबीनचा लगदा सुटून पणजोबांच्या पायाशी पडला, आणि दोघांनी मिळून त्याला उचलले, हळूहळू, सरळ, काहीही न फोडता.